सीआरपीचा आकडा आणि खुर्चीवरून उठणे : जुनाट आजारात दोन्ही एकत्र कसे मोजावे

कोल्हापुरात ‘सीपीआर’ म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. त्यामुळे डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘सीआरपी’ लिहिले की खेड्यापाड्यांतून आलेल्या अनेकांना प्रथम वाटते, आपल्याला सीपीआरला पाठवले आहे. थोड्या वेळाने उलगडा होतो की ही रक्ताची तपासणी आहे. मग रक्त दिले जाते, संध्याकाळी रिपोर्ट मोबाईलवर येतो, आकडा ठळक अक्षरात छापलेला दिसला की घर धास्तावते आणि साध्या अक्षरात दिसला की निश्चिंत होते. मात्र ज्या माणसाचे ते रक्त आहे, तो आज हात न टेकता खुर्चीवरून उठतो का, गेल्या दिवाळीला जेवढ्या वेगाने चालत होता तेवढ्या वेगाने आजही चालतो का, याची नोंद त्या फायलीत कुठेच सापडत नाही.

मधुमेह, ऱ्हुमॅटॉइड संधिवात, सीओपीडी म्हणजे फुफ्फुसांचा दमा-धापेचा जुना आजार, मूत्रपिंडाचा जुना आजार, हृदयाची दुर्बलता हे आजार एकमेकांहून फार वेगळे आहेत, तरी त्या सर्वांत दोन गोष्टी पुन्हापुन्हा आढळतात : शरीरात दाह धुमसत राहतो आणि हातापायांतली ताकद हळूहळू उतरत जाते. मी फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते आणि घरी वडिलांचा संधिवात कित्येक वर्षे जवळून पाहते आहे. दाहाचा आकडा आणि हालचालीचा आकडा एकाच वहीत शेजारी शेजारी लिहिले, तरच दोघांचाही अर्थ लागतो, हे मला दोन्हीकडे सारखेच पटले आहे. ती वही कशी धरायची आणि वाचायची, ते पुढे क्रमाने सांगितले आहे. हा लेख औषधोपचाराची जागा घेणारा नाही. डॉक्टरांसमोर जाताना हातात काय असावे, एवढ्यापुरता तो आहे.

आधी शब्दांचा घोळ सोडवू

आपण बोलताना ‘सूज’ हा एकच शब्द दोन गोष्टींसाठी वापरतो. पायावर बोट दाबले की खड्डा पडतो ती सूज म्हणजे पाणी साठणे. हृदय, मूत्रपिंड किंवा शिरांच्या तक्रारीत ती दिसते. डॉक्टर जेव्हा ‘रक्तात सूज दिसते’ म्हणतात, तेव्हा त्यांना दाह म्हणायचे असते, म्हणजे शरीराच्या संरक्षण यंत्रणेची चाललेली धावपळ. जखम झाली किंवा जंतुसंसर्ग झाला की ही धावपळ हवीच असते. काम झाले की ती थांबायला हवी. जुनाट आजारात ती पूर्ण थांबत नाही; चुलीतला विस्तव राखेखाली राहावा तशी ती महिनोन्‌महिने टिकून राहते. या लेखात ‘सूज’ म्हणजे पाण्याची सूज आणि ‘दाह’ म्हणजे दाह, असाच अर्थ घ्यावा.

या धुमसण्याचा स्नायूंशी संबंध दोन्ही बाजूंनी आहे. इंटरल्यूकिन-६ आणि टीएनएफ-अल्फा ही दाहाची निरोप्या द्रव्ये रक्तात सतत वाढलेली राहिली की स्नायूंतील प्रथिनांची मोडतोड वाढते, नव्याने बांधणी होण्याचे काम मंदावते, भूक मरते आणि लोहाचा वापर अडून रक्तही कमी होते. अशक्तपणामुळे माणूस बसून राहतो. बसून राहिल्याने स्नायू आणखी झिजतात, पोटावरची चरबी वाढते, आणि ही पोटातली चरबी स्वतःच दाहाची द्रव्ये रक्तात सोडते. वर्तुळ इथे पूर्ण होते. निरोगी ज्येष्ठांना १० दिवस अंथरुणावर ठेवून केलेल्या एका प्रयोगात त्यांच्या पायांचा जवळजवळ १ किलो स्नायूभार घटला होता. पैलवान आजारी पडला की ‘मांडी उतरली’ असे आपल्या तालमींत म्हणतात. वयस्क आणि आधीच आजारी माणसाची मांडी त्याहून लवकर उतरते आणि भरून यायला कितीतरी जास्त काळ लागतो.

या वर्तुळातून बाहेर पडायची वाटही स्नायूंतूनच जाते, ही मला या विषयातली सर्वांत दिलासा देणारी गोष्ट वाटते. काम करणारा स्नायू स्वतः इंटरल्यूकिन-६ सोडतो. तेच द्रव्य दाहातही असते, म्हणून हे ऐकून लोक घाबरतात. परंतु व्यायामात ते थोड्या वेळापुरते वाढते, काही तासांत खाली येते आणि जाताना इंटरल्यूकिन-१० सारख्या दाह शमवणाऱ्या द्रव्यांना कामाला लावते. चोवीस तास थोडे थोडे वाढलेले असणे आणि दिवसातून तासभर वाढून उतरणे, यांचा शरीरावर होणारा परिणाम वेगळा असतो.

पायरी पहिली : रिपोर्ट नीट वाचणे

सीआरपी हे यकृतात तयार होणारे प्रथिन आहे. न्यूमोनियाच्या जंतूवरील ‘सी’ नावाच्या घटकाला ते चिकटते असे १९३० मध्ये लक्षात आले आणि त्यावरूनच त्याला हे नाव मिळाले. दाह सुरू झाला की काही तासांत ते वाढू लागते, साधारण दोन दिवसांत शिखर गाठते, आणि कारण दूर झाले की दर १९ तासांच्या आसपास निम्मे होत उतरते. म्हणून सीआरपी ही आजची आणि कालची बातमी असते. ईएसआर ही जुनी तपासणी, रक्ताच्या लाल पेशी एका तासात नळीत किती मिलिमीटर खाली बसतात ते मोजते. तो सावकाश चढतो आणि उतरायला कित्येक आठवडे घेतो. वय, रक्तक्षय आणि गर्भारपण यांमुळेही तो वाढतो, त्यामुळे हिमोग्लोबिन न पाहता नुसत्या ईएसआरवरून निष्कर्ष काढू नये.

रिपोर्ट हातात आला की आकड्याच्या आधी एकक पाहावे. काही प्रयोगशाळा सीआरपी मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, तर काही मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये, आणि या दोहोंत दहापटीचा फरक आहे. माझ्याच घरी काय झाले ते सांगते. वडिलांचा, म्हणजे आबांचा, आधीचा सीआरपी १८ होता. चार महिन्यांनी दुसऱ्या एका प्रयोगशाळेत तपासला, तर कागदावर २.१ आला. घरात आनंद झाला, पेढे आले, गोळ्या कमी करण्याची भाषा सुरू झाली. मीही त्या दिवशी थकून घरी आले होते आणि आकडाच पाहिला. पण वहीत मात्र वेगळेच दिसत होते : पाच वेळा खुर्चीवरून उठायला त्यांना आधी १७ सेकंद लागत, ते आता २१ लागत होते. हे जुळेना, म्हणून रिपोर्ट पुन्हा उघडला, तर २.१ पुढच्या बारीक अक्षरांत एकक डेसिलिटरचे होते. म्हणजे आबांचा सीआरपी १८ वरून २१ वर गेला होता. प्रयोगशाळेची यात काहीच चूक नव्हती. वाचण्यात चूक आमची होती. तेव्हापासून आमच्या वहीत प्रत्येक आकडा मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये बदलूनच लिहिला जातो, आणि शक्यतो एकाच प्रयोगशाळेत रक्त दिले जाते.

दुसरी बाब तपासणीच्या प्रकाराची. साधा सीआरपी आणि हाय-सेन्सिटिव्हिटी म्हणजे एचएस-सीआरपी या दोन वेगळ्या पद्धती आहेत. एचएस-सीआरपी हृदयविकाराची जोखीम पाहण्यासाठी असतो : १ पेक्षा कमी असेल तर जोखीम कमी, १ ते ३ मध्यम, ३ पेक्षा जास्त असेल तर अधिक, आणि १० च्या वर गेला तर आधी कुठे संसर्ग किंवा दुखापत आहे का ते पाहून, ती बरी झाल्यावर पुन्हा तपासायचा. हे सर्व आकडे मिलिग्रॅम प्रति लिटरमधले आहेत. ज्यांना ऱ्हुमॅटॉइड संधिवातासारखा उघड दाहाचा आजार आहे, त्यांनी ही पट्टी स्वतःला लावून हृदयाचा हिशेब काढत बसू नये.

रक्त कधी द्यावे, यालाही महत्त्व आहे. सर्दी-ताप, दाढेचा गळू, लघवीचा संसर्ग, पायाची जखम, नुकतीच घेतलेली लस किंवा आदल्या दिवशी केलेली जोतिबाच्या डोंगराची चढण, यांपैकी काहीही असले तरी आकडा तात्पुरता चढतो. जुन्या आजाराचा कल पाहायचा असेल तर डॉक्टरांना विचारून दोन आठवडे थांबावे, आणि रक्त देण्याच्या आधीचे दोन दिवस नेहमीपेक्षा जास्त श्रम करू नयेत. औषधांचाही परिणाम होतो. स्टिरॉइडने आकडा दबतो, कोलेस्टेरॉलसाठीच्या स्टॅटिन गोळीने थोडा उतरतो, तर टोसिलिझुमॅबसारखे इंजेक्शन इंटरल्यूकिन-६ चाच मार्ग अडवत असल्याने सीआरपी जवळजवळ शून्यावर आणते आणि मग खरा संसर्गही त्यात दिसेनासा होऊ शकतो. ल्युपसमध्ये, म्हणजे संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटते त्या आजारात, आजार भडकलेला असतानाही सीआरपी फारसा न वाढता ईएसआर वाढलेला दिसणे नेहमीचे आहे. म्हणून आकड्याशेजारी त्या दिवशीच्या औषधांची यादी लिहिणे ही केवळ औपचारिकता नाही.

पायरी दुसरी : घरातच हालचाल मोजणे

यासाठी हात नसलेली, न हलणारी आणि बैठक साधारण दीड फूट उंच असलेली खुर्ची, मोबाईलमधले स्टॉपवॉच, मोजपट्टी, खडू आणि शेजारी उभे राहणारे एक माणूस एवढे पुरते. प्लास्टिकची खुर्ची घेऊ नये. ती मागे सरकते. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. तोल जाण्याची सवय असलेल्या व्यक्तीची चाचणी एकट्याने कधीही घेऊ नये.

पहिली चाचणी पाच उठबशांची. दोन्ही हात छातीवर आडवे बांधायचे, ‘चला’ म्हटल्यावर पूर्ण उभे राहायचे, बसायचे, आणि पाचव्यांदा सरळ उभे राहिल्यावर घड्याळ थांबवायचे. आशियाई लोकांसाठी २०१९ मध्ये ठरवलेल्या निकषांनुसार १२ सेकंद किंवा अधिक वेळ लागला तर पायांची ताकद आणि हालचालीची क्षमता कमी झाल्याची ती खूण मानतात; युरोपात हीच मर्यादा १५ सेकंदांच्या पुढे धरतात. हात टेकल्याशिवाय उठताच येत नसेल तर वेळ मोजण्याचा अट्टहास नको. ‘हात टेकून, ३ वेळा’ अशी नोंद करावी. तीही तितकीच मोलाची आहे आणि पुढच्या महिन्यात ‘हात टेकून, ५ वेळा’ झाली तर ती खरी प्रगती आहे.

आबा तरुणपणी तालमीत शेकड्यांनी बैठका मारत. पहिल्यांदा मी त्यांना ही चाचणी करायला सांगितली तेव्हा ते म्हणाले, “पाच बैठकांना घड्याळ कशाला लावतीस?” मग ते उठले. दोन्ही तळवे त्यांच्या नकळत मांड्यांवर गेले, बोटांची पेरे पांढरी पडेपर्यंत त्यांनी मांड्या दाबल्या, आणि तिसऱ्या उठण्याला गुडघे आत वळले. ते काही बोलले नाहीत, मीही नाही. फक्त वहीत लिहिले. पण त्या दिवसापासून त्यांनी या व्यायामाला ‘खुर्चीची बैठक’ असे नाव दिले आणि तो कधी चुकवला नाही. आमच्या भागात रुग्णाला ‘सिट-टू-स्टँड’ सांगण्यापेक्षा बैठक सांगितलेली केव्हाही अधिक लागू पडते, असा माझा अनुभव आहे.

दुसरी चाचणी चालण्याच्या वेगाची. सोप्यात किंवा अंगणात सरळ ४ मीटर मोजून दोन्ही टोकांना खडूने रेघ मारावी आणि शेवटच्या रेघेपुढे दोन पावले मोकळी जागा ठेवावी, नाहीतर माणूस रेघेपाशी येता येताच वेग कमी करतो. पहिल्या रेघेवर उभे राहून नेहमीच्या चालीने चालायचे. शर्यत लावायची नाही. दोनदा चालावे आणि त्यातला कमी वेळ लिहावा. हिशेब सोपा आहे : ४ मीटरला ४ सेकंद म्हणजे सेकंदाला १ मीटर आणि ५ सेकंद म्हणजे ०.८ मीटर. आशियाई निकषात १ मीटरच्या खालचा वेग कमी समजतात, युरोपीय निकषात ०.८ किंवा त्याखालचा. काठी किंवा वॉकर वापरत असल्यास तो घेऊनच चालावे आणि तसे लिहावे.

तिसरी तोलाची. पावले जुळवून, मग एक पाऊल अर्धे पुढे ठेवून, मग एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून, प्रत्येक वेळी १० सेकंद उभे राहायचे. शेजारच्याने हात न लावता पण हाताच्या अंतरावर उभे राहावे. जिथे तोल गेला तिथे थांबायचे.

या तिन्हींना गुण देऊन १२ पैकी एकूण काढण्याची रीत आहे आणि दवाखान्यात आम्ही ती वापरतो; घरी मात्र सेकंद लिहिले तरी पुरे. हाताच्या पकडीचा जोर फिजिओथेरपिस्टकडे यंत्रावर मोजता येतो. पुरुषांत २८ किलो आणि स्त्रियांत १८ किलो यांच्या खालचा जोर कमी मानतात. ऱ्हुमॅटॉइड संधिवातात बोटांचे सांधे दुखत असतील तर हा आकडा स्नायूंपेक्षा वेदनाच अधिक सांगतो, तेव्हा पायांच्या चाचण्यांवर भर द्यावा. सहा मिनिटे चालण्याची चाचणी उपयुक्त आहे, पण श्वास किंवा हृदयाच्या रुग्णांनी ती देखरेखीखालीच करावी.

चाचणीची वेळ ठरलेली असू द्यावी. संधिवातात सकाळी सांधे आखडलेले असतात. सकाळी सातची आणि दुपारी बाराची चाल हे एकाच माणसाचे दोन वेगळे आकडे असतात. वेदनाशामक गोळीनंतर किती वेळाने मोजले आणि पायात काय होते, हेही सारखे हवे. कोल्हापुरी चप्पल घालून एकदा आणि बूट घालून दुसऱ्यांदा मोजले तर वेगातला फरक पायताणाचा की पायाचा, हे कळणार नाही.

पायरी तिसरी : वही

महिन्यातून एकदा हालचाल मोजावी. रोज मोजल्याने उगीच चिंता वाढते. रक्त डॉक्टर सांगतील तेव्हाच द्यावे, पण ज्या आठवड्यात रक्त द्याल त्याच आठवड्यात तिन्ही चाचण्याही घ्याव्यात. एका ओळीत तारीख, सीआरपी एककासह, ईएसआर, हिमोग्लोबिन, वजन, पाच उठबशांचे सेकंद, ४ मीटरचे सेकंद, सकाळी सांधे किती मिनिटे आखडलेले होते, आणि शेवटी ‘विशेष’ या रकान्यात ताप, पडणे, औषधात बदल, घरातले लग्न किंवा दुःख असे काहीही. हा शेवटचा रकाना लोक रिकामा सोडतात, आणि कोडी सुटतात ती बहुतेक त्याच रकान्यामुळे.

बदल किती झाला म्हणजे खरा मानावा? ज्येष्ठांच्या चालण्याच्या वेगात सेकंदाला ०.०५ मीटरचा फरक लहान पण दखल घेण्याजोगा आणि ०.१ मीटरचा फरक ठोस धरतात. म्हणजे ४ मीटरला ५ सेकंद लागत असतील आणि ते ४.४ वर आले, तर ती सुधारणा ठोस आहे. सीआरपीच्या बाबतीत ६ चा ७ झाला यात फारसा अर्थ नाही. तो रोजच्या चढउताराचा भाग असतो. सलग दोन-तीन नोंदींचा कल पाहावा.

पायरी चौथी : दोन्ही आकडे एकत्र वाचणे

दाह उतरला आणि चालही सुधारली, तर चाललेले उपचार चालू ठेवावेत. त्याविषयी अधिक काही सांगायला नको.

दाह उतरला, पण चाल तशीच राहिली किंवा मंदावली, हा प्रकार मला सर्वांत जास्त भेटतो आणि याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. रिपोर्ट चांगला आला म्हणून घरचे म्हणतात, ‘आता काय होतंय? मनाचंच आहे.’ ते मनाचे नसते. औषधाने विस्तव विझवला, पण जळालेले परत आपोआप उगवत नाही. महिनोन्‌महिने वापर न झालेल्या स्नायूंना काम दिल्याशिवाय ते भरून येत नाहीत. इथे औषध वाढवण्यापेक्षा ताकदीचा व्यायाम, पुरेसे प्रथिन आणि तपासणी लागते : रक्तक्षय, ड जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड, स्टिरॉइडमुळे मांड्यांत आलेली दुर्बलता, नैराश्य, नसांचा किंवा मणक्याचा त्रास. अर्थात आबांच्या बाबतीत घडले तसे एकक चुकीचे वाचले गेलेले नाही ना, हे सर्वांच्या आधी पाहावे.

चाल चांगली, पण दाह वाढलेला, असे दिसल्यास घाबरण्यापेक्षा शोध घ्यावा. हिरड्यांचा जुना आजार हे एक सहज सुटून जाणारे कारण आहे. मिश्री आणि तंबाखूची सवय आपल्या भागात घराघरांत आहे, हिरड्यांतून रक्त येणे कोणी आजार मानत नाही, आणि तिथला दाह रक्तातही उमटतो. दंतवैद्याकडे हिरड्या स्वच्छ करून घेतल्यावर सीआरपी उतरल्याचे अभ्यासांत दिसले आहे. पोटाचा घेर हे दुसरे कारण. भारतीय पुरुषांत ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटर ही मर्यादा मानतात. मधुमेहींनी पायाचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या रोज पाहाव्यात, कारण न दुखणारी जखम तिथे दडून बसते.

दोन्ही बिघडले, विशेषतः दोन-तीन आठवड्यांच्या आत, तर पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये. वही घेऊन डॉक्टरांना गाठावे. कारण न कळता वजन उतरणे किंवा रात्री घाम येणे हे सोबत असेल तर उशीर नकोच.

पायरी पाचवी : व्यायामाची मात्रा

सुरुवात खुर्चीच्या बैठकीपासून करावी. न थांबता जितक्या होतात त्याच्या निम्म्या, एवढा एक हप्ता, म्हणजे एक सेट. मध्ये दोन मिनिटे विसावा. असे दोन हप्ते, आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड. सावकाश बसणे हाच त्यातला खरा व्यायाम आहे, म्हणून तीन आकडे मोजत खाली जावे आणि एका आकड्यात वर यावे. दोन आठवडे सहज जमले की प्रत्येक हप्त्यात एक-दोन बैठका वाढवाव्यात, मग तिसरा हप्ता जोडावा. ज्यांना अजिबात उठवत नाही त्यांनी खुर्चीवर जाडजूड घोंगडी घालून बैठक उंच करावी. ताकद आली की ती काढावी. भिंतीला हात लावून केलेले जोर आणि ओट्याला धरून टाचा उचलणे हे पुढचे दोन व्यायाम.

चालण्यासाठी ‘बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही’ एवढा वेग पुरे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये जुनाट आजार असलेल्या प्रौढांसाठीही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम, किमान दोन दिवस ताकदीचे व्यायाम आणि ज्येष्ठांसाठी तीन दिवस तोलाचे व्यायाम सांगितले आहेत. हा शेवटचा पल्ला आहे, पहिला दिवस नव्हे. दिवसातून तीनदा पाच-पाच मिनिटे घरासमोर चालणारा माणूसही सुरुवात करून चुकलेला असतो. रंकाळ्याचा काठ चालायला उत्तम, पण पावसाळ्यात शेवाळ धरलेल्या ठिकाणी पाय घसरतो. जून ते सप्टेंबर घरातल्या सोप्यात फेऱ्या मारण्याची सोय आधीच लावून ठेवावी, म्हणजे चार महिन्यांचा खंड पडत नाही.

आजारानुसार पथ्ये बदलतात. इन्सुलिन किंवा साखर एकदम खाली आणणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी व्यायामाआधी साखर पाहावी. ९० च्या खाली असेल तर आधी काही खावे, आणि २५० च्या वर असून बरेही वाटत नसेल तर त्या दिवशी व्यायाम टाळून डॉक्टरांना कळवावे. पायांची संवेदना कमी झालेल्यांनी कडक चामड्याची पायताणे घालून फिरायला जाऊ नये, मग ती कितीही प्रेमाची असोत. पाय पूर्ण झाकणारे मऊ बूट आणि मोजे घालावेत. सीओपीडीत ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडत चालावे. डायलिसिसच्या रुग्णांनी दमणुकीच्या दिवशी सक्ती न करता मधल्या दिवशी व्यायाम करावा. हृदय दुर्बल असलेल्यांनी रोज सकाळी वजन करावे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना फोन करावा. संधिवात भडकला असेल, सांधा गरम आणि लाल असेल, तर त्या सांध्यावर भार न टाकता तो हळुवार हलवत राहावे, पण बाकीचे शरीर अंथरुणाला देऊ नये. छातीत दुखणे, चक्कर, असह्य धाप, अंगात ताप, यांपैकी काहीही असेल तर व्यायाम नाही.

व्यायामाने सीआरपी महिन्याभरात उतरेल अशी अपेक्षा धरू नये. उतरतो तेव्हा तो काही महिन्यांत, माफक प्रमाणात आणि बहुधा वजन घटले असेल तर अधिक उतरतो. कित्येकांचा उतरतही नाही. ताकद मात्र आठ ते बारा आठवड्यांत बहुतेकांची वाढते. म्हणून रिपोर्टमधला आकडा हलला नाही, या कारणासाठी व्यायाम सोडणे हे मोठे नुकसान आहे.

ताटाविषयी थोडेसे

ज्येष्ठांना रोज वजनाच्या प्रत्येक किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिन सुचवले जाते, आजारपणात त्याहून थोडे अधिक. ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. आपल्या जेवणात भाकरी-भात भरपूर आणि प्रथिन एकाच वेळी, असे होते. रविवारी मटण आणि तांबडा-पांढरा रस्सा, पण बाकीचे सहा दिवस पिठल्यावर भागवले, तर स्नायूंना रोजचा वाटा मिळत नाही. सकाळी अंडी किंवा मोड आलेली कडधान्ये, दुपारी आमटीतली डाळ पातळ पाण्यासारखी न ठेवता घट्ट, रात्री दूध किंवा दही, अशी विभागणी करावी. मूत्रपिंडाचा आजार असून डायलिसिस सुरू नसेल, तर हा नियम लागू नाही. प्रथिन किती घ्यायचे ते किडनीच्या डॉक्टरांनाच विचारावे. हळद स्वयंपाकात नेहमीसारखी असावी, पण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना हळदीच्या जास्त मात्रेच्या कॅप्सूल मनाने घेऊ नयेत.

मध्येच आजारपण आले तर

न्यूमोनिया, शस्त्रक्रिया किंवा अपघात यांमुळे दवाखान्यात राहावे लागले की वहीत खंड पडतो, आणि नेमके याच काळात सर्वांत जास्त गमावले जाते. दवाखान्यात असतानाच डॉक्टरांना विचारावे : ‘खाटेवरून उठून खुर्चीत बसवले तर चालेल का?’ चालणार असेल तर जेवणाच्या तिन्ही वेळा खुर्चीतच बसवावे. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी, ताप नसेल आणि उभे राहता येत असेल तर, पाच उठबशा आणि ४ मीटर पुन्हा मोजावे. आकडा आधीपेक्षा वाईट येणारच. आता ती नवी पहिली ओळ. व्यायाम पूर्वी जिथे सोडला तिथून नव्हे, तर त्याच्या निम्म्यापासून सुरू करावा आणि पहिला महिना दर आठवड्याला मोजावे. या महिन्यात सीआरपी भराभर उतरताना दिसेल आणि पाय मात्र रेंगाळतील. तसेच होते. आबांना मागच्या पावसाळ्यात न्यूमोनियानंतर घरी आणले तेव्हा त्यांच्या ओळीत ‘हात टेकून, २ वेळा’ असे लिहिले होते. नवव्या आठवड्याच्या ओळीत ‘हात न टेकता, ५ वेळा, १९ सेकंद’ असे आहे, आणि ते अक्षर त्यांचे स्वतःचे आहे.